सोबतचा प्रश्न

७ जानेवारी, सकाळ
आज क्वांटम शिकलो. लेकीची मुलगी हर्षदा जळगावला बीएस्सी करते. फोनवर म्हणाली, "आजोबा, कणाचं उत्तर आधीच आत ठेवलेलं नसतं. त्याच्यासोबत आणखी काय मोजता, त्यावरही उत्तर ठरतं."
मला हे चौथीपासून ठाऊक आहे. गुरुजींसमोर म्हटलेली कविता आणि विहिरीवर एकट्याने म्हटलेली. शब्द तेच, कविता वेगळी. शास्त्रज्ञांना उशीर झाला.
संकल्प: मुलाने, ललितने, उत्तरायणला (इथली संक्रांत) मला कामरेजला त्याच्या घरी न्यायचं. आणि "आता इथेच राहा" म्हणायचं. ही गेल्यापासून कुकरमध्ये एकच डबा लागतो. पण आपण मागायचं नाही. प्रश्न योग्य सोबतीत ठेवायचा, बस्स.

९ जानेवारी
प्रयोग पहिला. ललितला विचारलं, "उत्तरायणला काय बेत?" सोबत गुडघेदुखी सांगितली. उत्तर: "बाबा, डॉक्टरला दाखवा."
सोबत चुकली. सिद्धांत बरोबर.
शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या, "आबा, पोऱ्याले सरळ सांगा ना, माले लई जाय." बाईंना सायन्स नाही.

१० जानेवारी
प्रयोग दुसरा. तोच प्रश्न, सोबत आनंद. म्हटलं, इथे भेस्तानात मित्र गच्चीवर बोलावताहेत, उंधियू, जिलेबी, सोडतच नाहीत. (मित्र म्हणजे बाबुराव. तो गावी गेलाय.)
ललित म्हणाला, "वा, मजा आहे तुमची!"
आवाजात असूया होती. उद्या बोलावणार.

११ जानेवारी
रविवार. झोपला असेल.

१३ जानेवारी, दुपार
फोन आला! सूनबाई वर्षा, स्पीकरवर. मागे तिच्या माहेरची माणसं हसत होती. "बाबा, उद्या येता ना आमच्याकडे? की मित्रांसोबतच बरं?"
नुसतं "येता ना" असतं तर हो होतं. अगदी जिभेवर होतं. पण मागून मित्रांचं नाव आलं, स्पीकर आला, आणि तोंडातून निघालं, "छे, इथले लोक मला सोडतील का!"
"बघा, मी म्हटलं नव्हतं?" वर्षा तिकडे कुणालातरी म्हणाली.

१४ जानेवारी, संध्याकाळ
खिडकीतून अर्धंच आभाळ दिसतं. पतंग येतात नि जातात. पुरेसं आहे.
ललितचा मेसेज: "बाबा, मित्रांसोबतचा फोटो पाठवा ना."
'इथे नेटवर्क नाही' असं लिहून पाठवलं. लगेच पोचलं.