भूमिकाच्या फोनवरचा डाग

१० नोव्हेंबर, सोमवार
भूमिकाचा फोन दुकानात आलाय. स्पीकर गेलाय म्हणे. तिची धाकटी बहीण शीतल मुक्ताईनगरहून कॉलेजला येते, तिच्या हाती पाठवला. तपासायला राखाडी स्क्रीन लावली — आणि डाग! खाली कॉल कापायच्या बटणाचा गोल, वर कोपऱ्यात छोटी चौकट. व्हिडिओ कॉल! तेच चित्र तासन्‌तास राहिलं तरच असा ठसा पडतो.

माझ्याशी कधी व्हिडिओ नाही. ‘घरात आबा असतात’ म्हणते — तिचे वडील. मग हा कोण? रविवारी तिला बघायला येणारा पिंपळनेरवाला?

११ नोव्हेंबर
विचारणार नाही. बघतोच, स्वतःहून सांगते का.

१२ नोव्हेंबर, बुधवार
एक टोपीवाले बाबा तासभर बसून. काम काय, तर बटणाच्या फोनची काच! आणि चौकशी किती! कॉलेज का सोडलं? कमाई काय? मग भूमिकाचा फोन बघून — “हाऊ पडदा इतला काया कसा?”

सांगितलं — एलसीडीत मागे दिवा जळतच असतो. ओएलईडीत दिवाच नाही. कार्बनी पदार्थाचा पातळ थर, वीज दिली की ठिपका स्वतः उजळतो. बंद केला की काळाकुट्ट.

“बठ्ठा सारखाच शेतस का?”

नाही बाबा, सगळे सारखे नसतात. हातातल्या फिटनेस पट्टीत पॅसिव्ह, ओळीओळीने वीज. फोनमध्ये अ‍ॅक्टिव्ह — ठिपक्यागणिक स्विच, तोच अ‍ॅमोलेड. काचेऐवजी प्लास्टिकवर थर दिला की घडीचा फोन.

“आन् हाऊ डाग?”

जो ठिपका जास्त जळतो तो आधी झिजतो — म्हटलं आणि डोकंच फिरलं. त्यात शीतलच्या नंबरवरून भूमिकाचा कॉल! “आज कोणी आलं का दुकानात?” हिला काय करायचंय? “व्हिडिओवर कोणाशी बसतेस? खोटारडी!” असा ओरडलो की समोरचा रसवाला बघायला लागला. तिने कापला.

बाबा अर्धा चहा ठेवून उठले. नक्की पिंपळनेरवाल्यांचा माणूस!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
स्पीकरसाठी फोन खोलला. आत कंपनीचा नाही, भलताच डिंक. म्हणजे स्क्रीनचा पॅनल आधीच बदललेला! शीतलला विचारलं. म्हणाली, धुळ्याला मावशीकडे फुटला होता, तिथल्या गफूरभाईंच्या दुकानात दुसरा पॅनल टाकला. त्यांना फोन लावला.

“हौ, मीच टाकेल आहे. ओरिजिनल आहे भो! चोपड्याच्या सलीमाच्या फोनमधून काढेल. तिचा नवरा सौदीत, बिचारी दिवसभर व्हिडिओवर.”

नवराबायकोचे कॉल! आणि मी भूमिकाला…

शीतलच्या नंबरवर लावतोय, भूमिका कॉल घेत नाहीये.

१७ नोव्हेंबर, सोमवार
शीतल फोन न्यायला आली. पिंपळनेरचे काल येऊन गेले. ताईने हो सांगितलं.

फोन पुसून तिच्या हाती दिला. जाताना म्हणाली, “बुधवारी आबा आले होते ना दुकानात. ताईनेच पाठवलेलं. तुम्हाला बघायला.”