हॉटडिशच्या भांड्यातलं हाड

एल्क क्रॉसिंग, मिनेसोटा
फेब्रुवारी (संपता संपत नाही)

प्रिय आर्डिसताई,

तुला आणि नॉर्म दाजींना नमस्कार. अ‍ॅरिझोनाचं ऊन तुम्हाला मानवलं असेलच. दाजींची कंबर आणि तुझा खांदा, दोन्ही जागच्या जागी असोत. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तळं पार गोठलंय, गाडी सकाळी सुरू होताना कण्हते आणि तुझी टिल्डा मजेत आहे. (मजेत नाही तो मी.) हिवाळाभर कुत्री सांभाळशील का, असं तू विचारलंस तेव्हा मी दोनदा ‘नको’ म्हणालो होतो. तिसऱ्यांदा विचारलंस आणि मी रीतीप्रमाणे ‘बरं’ म्हणालो. खरं तर पहिले दोन ‘नको’च माझ्या मनातले होते, पण ते तुला कळावं कसं? आपल्या गावात कॉफीच्या दुसऱ्या कपापासून लग्नापर्यंत सगळं तिसऱ्या खेपेलाच ठरतं.

जाताना तू हाडांवर जे प्रवचन दिलंस ते मी पूर्ण ऐकलं, गाडी वळल्यावर खिडकीतून ओरडलीस तेसुद्धा. हाड कच्चंच हवं, शिजवलेलं चुकूनही नको, कारण शिजलं की ते ठिसूळ होतं आणि त्याच्या अणकुचीदार कपच्या आतड्यात घुसतात. तिच्या तोंडात मावणार नाही एवढं मोठं हवं. मांडीची टणक नळी नको, दात तुटतो, गुडघ्याचं आण. चघळत असेल तोवर शेजारून हलू नकोस आणि लहान झालं की चीजचा तुकडा दाखवून काढून घे. ताई, आमची पोरं लहान असताना मार्गिटनेसुद्धा मला एवढ्या सूचना दिल्या नव्हत्या. (दिल्या असतील. मी ऐकल्या नसतील. देव तिला तिकडे वर सुखात ठेवो.)

पहिली पंचाईत खाटकाकडेच झाली. आपला जुना खाटीक दुकान विकून गेला, आता तिथे ग्लेन नावाचा टेक्सासचा गडी आहे. मी टिल्डाबद्दल सांगितलं तर भला माणूस, लगेच गुडघ्याची दोन हाडं काढून म्हणाला, ‘‘घेऊन जा, काका.’’ मी म्हणालो, ‘‘छे छे, कशाला उगाच!’’ आणि ताई, त्याने ती परत फ्रीजरमध्ये टाकली! पुन्हा विचारलंच नाही! मी काउंटरपाशी उभा राहून हवापाण्याच्या गोष्टी केल्या, बर्फाबद्दल बोललो, त्याच्या आईची चौकशी केली, पण गडी ढिम्म. हात हलवत घरी आलो. दुसऱ्या दिवशी ठरवूनच गेलो आणि त्याने तोंड उघडताक्षणी ‘हो’ म्हणालो. तो ‘डुकराची जीभ देऊ का’ असं विचारत होता. ती मी आठवडाभर खाल्ली. हाडं अखेर तिसऱ्या दिवशी मिळाली, म्हणजे रीत काही अगदीच खोटी नाही.

तेव्हापासून रोज दुपारी स्वयंपाकघरात जुना टॉवेल अंथरायचा, टिल्डाला हाड द्यायचं आणि मी स्टुलावर बसून पहारा करायचा, असा आमचा क्रम बसला. खरं सांगायचं तर ती वेळ बरी जाते. कोणीतरी मन लावून काहीतरी खातंय आणि आपण शेजारी बसलोय, हे या घरात चार वर्षांत झालं नव्हतं. पण ते असो.

गेल्या मंगळवारी लव्हॉनबाई आल्या. (तुमच्या चर्चच्या गायनातल्या. नवरा गेल्यापासून एकट्याच असतात, तळ्यापलीकडे.) त्यांनी मागे ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याच्या गोळ्यांची हॉटडिश आणून दिली होती, तिचं काचेचं भांडं न्यायला. मी ते घासून त्यांच्या कापडी पिशवीत घालून दाराशी ठेवलं होतं. रिकामं भांडं परत करायचं नसतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण आत जॅम नाहीतर केक घालून ठेवायचं काम मार्गिटचं होतं. मी साफ विसरलो. निघते म्हणाल्या तेव्हा टिल्डा हाड चघळत होती आणि हाड बोटाएवढं नसलं तरी काढून घ्यायच्या बेताला आलं होतं. आता तूच सांग, आपल्याकडे पाहुण्याला काय स्टुलावरून निरोप देतात? आधी टेबलापाशी निरोप झाला, मग दारात, मग ओसरीवर, मग गाडीपाशी. तिथे पिशवी आठवली म्हणून मी धावत आत जाऊन ती आणली, आणि मग काच खाली करून पुन्हा पहिल्यापासून. मी आत आलो तेव्हा माझ्या मिशांना बर्फ लागला होता, आणि टॉवेलावर हाड नव्हतं.

टिल्डा माझ्याकडे बघून शेपटी हलवत होती. मी सोफा उलटा केला, तिच्या तोंडात हात घातला, कपाटाखाली झाडू फिरवला. हाड नाही. म्हणजे गिळलंच असणार! तू परत आल्यावर तुला काय तोंड दाखवू, हे नंतर मनात आलं. आधी एवढंच आलं की उद्या दुपारी स्टुलावर बसून मी बघू कुणाकडे? तिला उचलून गाडीत घातली (वजन कमी कर तिचं) आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेली. त्यांनी एक्स-रे फोटो काढला. पोटात हाड नव्हतं. नॉर्म दाजींच्या कोटाचं पितळी बटण होतं. ते माझ्या देखरेखीखाली गिळलेलं नाही, याची नोंद घ्यावी. (यथावकाश ते बाहेर आलं. धुऊन ठेवलंय.)

शुक्रवारी लव्हॉनबाईंनी सूप प्यायला बोलावलं, टिल्डालाही. दोनदा नको म्हणून आम्ही गेलो. सूप फक्कड होतं, दोन वाडगे झाले. तिसरा वाढताना बाई म्हणाल्या, ‘‘व्हर्लिन, लोक भांड्यात जॅम घालून पाठवतात, केक पाठवतात. सूपचं हाड पाठवणारे तुम्ही पहिलेच. त्याचंच केलंय हे.’’

चमचा माझ्या तोंडात होता. टेबलाखालून टिल्डाने माझ्याकडे असं पाहिलं की माझा संशयच उरला नाही. मी निरोपात गुंतलेला असताना या बयेने हाड पिशवीत लपवलं होतं! म्हणजे तिने दोन दिवस चाटलेलं हाड उकळून मी पीत होतो. पण सांगू कसं? मी गिळलं आणि ‘‘छान झालंय’’ म्हणालो. तिसरा वाडगाही संपवला. इथवर मी आपल्या घराण्याचं नाव राखलं.

पण मग बाई उठल्या, पातेल्यातून ते वाफाळतं हाड काढलं, ‘‘पाहुणीला काहीच नाही मिळालं बिचारीला’’ म्हणत फुंकर घातली आणि टिल्डासमोर धरलं. शिजवलेलं हाड! टिल्डाने आ वासला, आणि मी ओरडलो, ‘‘नाही!’’

एकदाच. ‘नको हो’ नाही, ‘कशाला उगाच’ नाही. नुसतं नाही, आणि तेही असं की खिडकीची काच हादरली. उभं आयुष्य मी कुणाच्या स्वयंपाकघरात असा बोललो नव्हतो. खुर्ची पडली, वाडगा फुटला. मग मी भडाभडा सगळं ओकलो: कपच्या, आतडी, चाटलेलं हाड, फोटो, बटणसुद्धा. बाईंनी शांतपणे हाड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, झाकणावर वीट ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे तुम्हाला ‘नाही’ म्हणता येतं तर. बसा. अ‍ॅपल पाय खाणार?’’ मी पहिल्या खेपेलाच ‘हो’ म्हणालो.

तर अशी माझी दशा आहे. तुझी कुत्री मला या वयात झेपत नाही. एप्रिल लागताच येऊन तिला घेऊन जा.

तुझा धाकटा भाऊ,
व्हर्लिन

ता. क. : एप्रिलमध्ये रस्ते फार निसरडे असतात. घाई करू नका. मेमध्येही पाऊस असतो. टिल्डाचं इथे बरं चाललंय.

ता. क. : आईची निळ्या खड्याची अंगठी तुझ्याकडे आहे ना? जरा पाठवून दे. सहज. कुणाला बोलू नकोस. लव्हॉनबाई गावात निघाल्यात, पत्र त्याच टपालात टाकतील. पाकीट मी नीट चिकटवून देतोय.

ता. क. : आर्डिस, मी लव्हॉन. पाकीट चिकटवायला विसरलेत. कुत्रीने चघळलेल्या हाडाचं सूप करायला मी काही वेडी नाही. ते मी त्याच दिवशी फेकलं आणि ग्लेनकडून ताजं आणलं. हा माणूस तोंड उघडतो का ते बघायचं होतं. (शिजवलेल्या हाडाचं मात्र खरंच ठाऊक नव्हतं. बरं झालं ओरडले.) अंगठी जरूर पाठव. आणि एवढं त्यांना तूच कळव: पहिल्या दोन वेळा मी ‘नको’ म्हणणार आहे. तेवढ्याने टोपी घालून घरी निघून जायचं नाही.