वाघिणीचा डावा कान

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी त्यांच्या एकुलत्या मेहुण्याचा रीतसर नमस्कार.

आपण पस्तीस वर्षे न्यायालयात कारकुनी केलीत, तेव्हा घडलेली हकिगत जबानीच्या रीतीने लिहिलेली आपणांस सोयीची पडेल असे वाटते. नाव: आपणांस ठाऊक आहे. वय: अठ्ठ्याहत्तर पूर्ण. शिक्षण: इयत्ता चौथी उत्तीर्ण (पहिल्याच खेपेस). धंदा: फोटोग्राफर, आपल्याच (म्हणजे दाजींच्या) मालकीच्या गाळ्यात, एक्केचाळीस वर्षे. प्रकृती: उत्तम. आपला गुडघा कसा आहे? अक्काचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. (तिने पंख्याखाली झोपू नये, हे मागील पत्रातही लिहिले होते. माझी बहीण असली तरी ती माझे ऐकत नाही. आपले ऐकते किंवा कसे, हे आपणच जाणता.)

वादाचा मुद्दा प्रथम नमूद करतो. आपण जंगलातून काढून आणलेला वाघाचा फोटो आपल्या दिवाणखान्यात पाहून, ही चादर कोणी वाळत घातली आहे, असे मी विचारले. ते मी मागे घेत नाही. त्यावर आपण जेवताना सर्वांसमक्ष म्हणालात, "हात थरथरतो तुमचा. मोबाईल दुरुस्तीवाला गाळा मागतोच आहे. वाघ जवळून, नीट काढून आणा, तर स्टुडिओ राहील. नाहीतर महिनाअखेर किल्ली द्या." मी वाढलेले संपवले, हात धुतले आणि अट मान्य केली. एक्केचाळीस वर्षांचा स्टुडिओ एका जनावराच्या मर्जीवर टाकला, हे मला घरी पोहोचल्यावर कळले.

त्यानुसार गेल्या मंगळवारी मी व माझी थोरली कन्या (शाळेत शिक्षिका, डिजिटल कॅमेरा तिचा) सफारीच्या उघड्या जीपमध्ये पहाटे बसलो. मी कोट, टाय व काळे बूट परिधान केले होते. फोटो काढणाऱ्याने गबाळे दिसू नये, मग समोर कोणी का असेना. पुढे चालक व त्याच्या शेजारी मोठी टोपी घातलेला वाटाड्या. मधल्या बाकावर एक नवविवाहित जोडपे, जे वाघाकडे कमी व एकमेकांकडे अधिक पाहत होते. मागे आम्ही बापलेक. पहिल्या दोन तासांत हरणे, मोर आणि बरीचशी धूळ पाहिली. थोरलीने मला तीनदा, थंडी वाजते का, असे विचारले. माझ्या हातांकडे पाहून विचारले, हे मी ओळखले व टायची गाठ घट्ट केली.

तिसऱ्या तासाला एका वळणावर चालकाने जीप थांबवली. जीपच्या नाकासमोर, दहा पावलांवर, वाटेच्या मधोमध वाघीण बसली होती. पंजा चाटीत होती. जोडप्याने मोबाईल काढून फोटोंचा सपाटा लावला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि थांबलो. कारण ती बाजूने बसली होती, आणि एकच कान दिसत होता. दाजी, एक्केचाळीस वर्षांत मी पासपोर्टचा एकही फोटो दोन्ही कान दिसल्याशिवाय काढलेला नाही. नवऱ्या मुलींचे केस मी स्वतः मागे सारायला लावले आहेत. फौजदारालासुद्धा दोनदा उठवून पुन्हा बसवला आहे.

"बाबा, काढा ना," थोरली कुजबुजली.

"दुसरा कान येऊ दे."

"ती काय पासपोर्ट काढायला आलीये का?"

वाटाड्याने वळून तोंडावर बोट ठेवले. पाच मिनिटे गेली. वाघीण दुसरा पंजा चाटू लागली. गाळ्याची किल्ली कोटाच्या खिशात बरगडीला टोचत होती. मग माझ्याकडून जे घडले, त्याबद्दल मी क्षमा मागत नाही, कारण ते सवयीने घडले. मी डावा हात वर केला आणि स्टुडिओतल्या आवाजात म्हणालो, "इकडे पाहा. हनुवटी किंचित खाली."

चालक वळला. वाटाड्या वळला. जोडपे वळले. सर्वांनी हनुवट्या खाली घेतल्या. (वाटाड्या नंतर म्हणाला, "आजोबा, तो आवाज ऐकला की माणूस बसल्या जागी सरळ होतो.") आणि त्यांच्या मागे वाघिणीनेही मान वळवून थेट भिंगात पाहिले, आणि हनुवटी खाली घेतली. मी बटण दाबले. हात थरथरला नाही; थोरली साक्षीला आहे.

त्यानंतर, तेही सवयीनेच, मी म्हणालो, "झालं, उठा." वाघीण उठली व झाडीत निघून गेली.

फोटो सोबत जोडला आहे. चार माणसे व एक वाघीण, पाचही चेहरे स्पष्ट, मिशीचा केसन् केस मोजून घ्यावा. परंतु मी खोटी जबानी देणार नाही. वाघिणीचा डावा कान वाटाड्याच्या टोपीआड गेला आहे. ग्राहकाचा असा फोटो मी स्वतः फाडून टाकला असता. सबब माझ्याच नियमाने मी हरलो, आणि गाळ्याची किल्ली या पत्रासोबत पाठवीत आहे. अक्काचे आशीर्वाद मागतो.

आपला आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. किल्ली पाठवलेली नाही. लिफाफा बंद करताना थोरली ती घेऊन शटर उघडायला गेली. थोरलीने पाठवलेला तो फोटो वाटाड्याने वनखात्यातल्या साहेबांना दाखवला होता. त्यांच्या ओळखपत्रांवर सगळेच चोरासारखे दिसतात म्हणे, तेव्हा अकरा वनरक्षक नव्या फोटोंसाठी दारात उभे आहेत. त्यांना परत पाठवणे सभ्यपणाचे होणार नाही.

दुसरे ता. क. दाजी, निकाल देताना त्या एका कानाकडे दुर्लक्ष करावे, ही विनंती. मी उभ्या आयुष्यात कोणाच्या कानाबद्दल अशी विनंती केलेली नाही.

घटनास्थळी हजर साक्षीदार: चालक, वाटाड्या (टोपीसह), नवविवाहित जोडपे, थोरली कन्या, आणि वाघीण, जी सही न करता निघून गेली.