तुमचा राग मी पोचवला नाही

मिस्टर, तुम्ही गेल्याचं तुमच्या बहिणीचं पत्र आलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. फुटबॉलच्या कोचला तुमच्याकडे इटलीत सगळे 'मिस्टर'च म्हणतात, हे तुम्ही पहिल्याच दिवशी शिकवलंत. आजही दुसरी हाक तोंडात येत नाही.

दोहाच्या त्या दुसऱ्या फळीतल्या क्लबात मी ड्रायव्हर होतो. तरुणपणी इटालियन जहाजाच्या भटारखान्यात काढलेली वर्षं, आणि गाडी चालवता चालवता आलेली अरबी, एवढ्यावर मला तुमचा दुभाष्या केलं. अल हिलाल भागातल्या तुमच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर अजून दिसतं. तुम्ही टोमॅटो परतताय, मी लसूण सोलतोय, आणि तुम्ही एकेक गाव सांगताय: तिसऱ्या, चौथ्या डिव्हिजनची गावं, कुठे नुसता चिखल, कुठे गोलपोस्टमागे कोबीचं शेत. एका संघाला तुम्ही वर चढवलंत आणि पुढचा मोसम सुरू व्हायच्या आत त्यांनी तुम्हालाच काढलं. "मोठ्या क्लबाचा मला कधी फोनसुद्धा आला नाही," तुम्ही हसत म्हणालात. "इथे एकदा संघ वर नेतो, मग खलास. घरी जाऊन कोंबड्या पाळीन." आणि लगेच, "चल, तुझी ती शाळेतली कविता म्हण." मी चालीवर म्हणायचो. एक शब्द कळत नसताना तुम्ही डोळे मिटून ऐकायचात.

माझी खोड तीच होती, मिस्टर. कडू शब्द माझ्या जिभेवरून उतरायचाच नाही. मध्यंतरात तुम्ही लालबुंद होऊन ओरडता, "पाय आहेत की खांब? बाजारात फिरायला आलात? लाज वाटू द्या!" आणि मी अरबीत सांगतो, "मिस्टर म्हणतात, छान चाललंय, अजून थोडं धावा. यल्ला!" पोरं हसायची, तुमच्या गळ्यात पडायची. "मी शिव्या देतो आणि हे हसतात कसे रे?" तुम्ही एकदा विचारलंतही. "जीव आहे त्यांचा तुमच्यावर," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण आपण हरत राहिलो.

रमजान संपल्यावर क्लबाच्या सेक्रेटरीनं आपल्या दोघांना ऑफिसात बोलावलं. "मिस्टर माणूस चांगले, पण फार मवाळ. पोरांना धाकच नाही. दुसरा कोच बघतोय आम्ही." हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं. तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलात. "मवाळ? मी?" आणि माझ्याकडे पाहिलंत. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर कदाचित तुमची नोकरी राहिली असती आणि माझी गेली असती. वसईला दोन मुली शिकत होत्या. मी खाली कार्पेटकडे बघत राहिलो. त्यानंतर तुम्हाला कुणी संघ दिला नाही.

विमानतळावर तुम्ही गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवलीत. "इथे मला समजून घेणारा तू एकटाच." मी मान डोलावली.

खरं तर हे तुमच्या बहिणीला पाठवावं म्हणून काल इटालियनमध्ये लिहायला घेतलं होतं. भाषा अजून पुरती गेलेली नाही. ऑफिसातल्या त्या दिवसापर्यंत बरं जमलं. मग वाचून पाहिलं, तर मी लिहून बसलो होतो की त्या दिवशी मी तुमच्यासाठी सेक्रेटरीशी खूप भांडलो.