सड्यावरची जागा

बाबा,

मी ड्रोन घेतला. म्हणजे काय ते तुला सांगायला हवं, कारण तू गेलास तेव्हा वाडीत मोबाइलसुद्धा दोन-तीनच होते. चार पंख्यांचं, ताटलीएवढं यंत्र असतं, पोटाखाली कॅमेरा. आपण खाली उभं राहून हातातल्या डब्याचे खटके फिरवायचे, आणि ते वरून जे बघतं ते आपल्याला मोबाइलवर दिसतं. घराच्या पुढच्या दोन खोल्या मी आता पर्यटकांना देते. माणसं आधी वरून काढलेला किनारा बघतात आणि मग फोन करतात, म्हणून घेतला. हौस वगैरे नव्हती, निदान घेतला तेव्हा तरी नव्हती.

शिकायला दोन महिने गेले. पहिल्या दिवशी वाळूवरूनच उडवला, तर त्याने सगळी वाळू माझ्या तोंडावर मारली आणि थोडी स्वतःच्या पंख्यात घेतली. तेव्हापासून मासळीच्या क्रेटचं झाकण उलटं ठेवते आणि त्यावरून उडवते. पुढच्या आठवड्यात तो शेजारच्या माडात जाऊन बसला. नारळ काढणाऱ्याला बोलावलं, तर तो यंत्र कमरेला बांधून खाली उतरला आणि म्हणाला, "बाय, ह्यो जरा कवळोच व्हतो." घारी त्याच्या अंगावर येतात. किल्ल्यावर न्यायचा नाही, विमानतळाच्या बाजूला न्यायचा नाही, असे नियम आहेत ते वेगळेच. हे सगळं जमलं, पण समुद्राचे फोटो काही जमेनात. पाणी नुसतं पांढरं, भांड्यावर ऊन पडावं तसं. एका व्हिडिओत शिकवणारा म्हणाला, समुद्र टिपताना सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. मी मोबाइल खाली ठेवला. हे मला कोणीतरी आधीच शिकवलं होतं.

डोळ्यांपुढे येतं ते असं: समुद्रावर झुकलेल्या उंच सड्याच्या टोकाला, काजूखालच्या कातळावर तू बसलेला आहेस. खाली किनाऱ्यावर रापणीची होडी काठावरून ओढायचं लांबलचक जाळं भरून तयार आहे, वाळूवर चाळीस-पन्नास माणसं उभी-बसलेली आहेत, आणि सगळ्यांचे डोळे तुझ्या हातातल्या लाल फडक्याकडे लागलेत. तू फडकं हलवल्याशिवाय होडी पाण्यात जायची नाही. शाळेला सुट्टी असली की मी तुझ्याबरोबर असे. तू बोलायचास कमी, कारण तोंडात पान असायचं. "सूर्य पाठीर घी, डोळ्यार घेव नको," हे पहिलं. दुसरं म्हणजे काळं दिसलं की लगेच मासा समजायचं नाही. "शेवाळ थंयच ऱ्हवता. ढगाची सावली वाऱ्यावांगडा जाता. मासो आपल्या मनान फिरता." म्हणून थांबायचं, ते काळं कुठे जातं ते बघायचं. किती वेळ थांबायचं, असं मी विचारलं तर म्हणालास, "पान चावून होयसर तोंड उघडू नको." मला ते हसण्यासारखं वाटलं होतं.

आता तो दिवस. मी अकरा वर्षांची होते. तू नुकतंच पान तोंडात टाकलं होतंस. पाण्यातल्या खडकांच्या, खडपाच्या अलीकडे मला एक मोठा काळा पट्टा दिसला आणि मी उभी राहून ओरडले, "मासो! मासो इलो!" तू आधी माझ्याकडे पाहिलंस, मग पाण्याकडे, आणि फडकं हलवलंस. माझ्यावर विश्वास ठेवून हलवलंस, की तुलाही खरंच मासा दिसला होता, हे मी कधी विचारलं नाही. होडी गेली, जाळ्याचा फेर पडला, दोन्ही बाजूंनी दोर ओढायला दोन तास लागले. जाळ्यात शेवाळ होतं, आणि फुगून टम्म झालेले चार केंड, विषारी म्हणून कोणी न खाणारे मासे. पोरं ते लाथेने उडवत होती. कोणी तुला शिवी दिली नाही. होडीचा म्होरक्या, तांडेल, फक्त तुझ्याकडे बघत राहिला. तू म्हणालास, "माजी नदर चुकली." दुसऱ्या दिवसापासून सड्यावर दुसरा माणूस बसू लागला आणि तू दोराच्या अगदी शेपटाला, नवख्यांच्या जागेवर, ओढायला उभा राहिलास. गेलास तोवर तिथेच होतास.

त्या संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तू पडवीत बसून पान लावलंस, मधोमध फाडलंस आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलंस. आई ओरडली, चेडवाक कसला पान देतंस म्हणून. मी त्या पानाचा अर्थ असा घेतला की तोंड बंद ठेव. आणि मी ते ठेवलं. आईला सांगितलं नाही, वाडीतच लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितलं नाही. बाबाची नजर गेली असं लोक म्हणायचे, तेव्हा मी गप्प बसून ऐकायचे. मला वाईट वाटायचं, पण सांगण्याइतकं वाटायचं नाही. ते खरं आहे तसं लिहिते.

दिवाळीच्या जरा आधी तोच तांडेल काठी टेकत माझ्या क्रेटपाशी आला. आता ऐंशीच्या घरात आहे. आपल्याकडे अजून एक रापण टिकून आहे आणि ती त्याच्याच शब्दाने चालते. बराच वेळ त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि विचारलं, "ह्येच्यात मासो दिसात काय गो?" मी म्हटलं, दिसेल. सड्यावर आता कोणी बसत नाही. बघायची नजर असलेला माणूसच उरलेला नाही. "मगे तू बघ," तो म्हणाला. "बापाशीच्या जाग्यार." त्या दिवशी पहिल्यांदा मला हौस वाटली. तुझी गेलेली जागा मी परत आणणार, असं काहीतरी डोक्यात शिरलं.

तीन दिवस काही दिसलं नाही. चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला ओढणीखाली मोबाइल धरून मी बघत होते, आणि खडपाच्या अलीकडे मोठा काळा पट्टा दिसला. आकाशात कापसासारखे सुटे ढग होते, तेही मला दिसत होते. बॅटरी संपत आल्याची पिपाणी वाजायला लागली. आणखी दोन मिनिटं थांबले असते तर ड्रोन कदाचित पाण्यात गेला असता, पण पट्टा कुठे जातो ते कळलं असतं. मी ड्रोन वाचवला आणि ओरडले. होडी गेली. दोन तास माणसं दोर ओढत होती. त्यात माझी जाऊ होती, वाडीतल्या मासे विकणाऱ्या बायका टोपल्या घेऊन थांबल्या होत्या. जाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि शेवाळ निघालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तशी मी म्हटलं, "मशिनान दगो दिलो." आणि त्यांना ते पटलं. यंत्राचं काय, आज चालतं उद्या नाही. उद्या परत बघूया, असं म्हणत लोक पांगले.

तांडेल एकटा वाळूवर बसून राहिला. मी क्रेट आवरत होते. का कोण जाणे, मी त्याच्यापाशी बसले आणि तीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगून टाकलं. आधी मी ओरडले होते, बाबाने नंतर फडकं हलवलं. त्याने समुद्रावरची नजरसुद्धा काढली नाही.

"म्हायत आसा," तो म्हणाला. "तुजो आवाज होडीत आयकाक इल्लो. आदी तू आराडलंस, मगे फडको हल्लो."

"तुमका म्हायत होता? मगे बाबाक खाली कित्याक उतरयलात?"

"तेणाच सांगल्यान माजी नदर चुकली म्हणान. बापाशीन चूक चेडवार घातल्यान नाय, आमी कित्याक घालू?"

म्हणजे तुला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे, आणि रोज त्यांच्याच शेजारी दोर ओढत होतास. मला हे पचायला वेळ लागला. अजून पूर्ण पचलेलं नाही. उठताना त्याने काठी वाळूत रोवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मगे आज कोणी दगो दिलो म्हणालंस?" मी क्रेट उचललं आणि घराकडे निघाले. खरं सांगितलं असतं तर जागा गेली असती, आणि ती मला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रोन न घेता किनाऱ्यावर गेले. सगळे जमले होते. मी म्हटलं, मशीन चांगलं आहे, ढगाची सावली होती, मी थांबले नाही. माजी नदर चुकली. जाऊ म्हणाली, आता हे सांगायची काय गरज होती. तांडेलाने मान हलवली आणि काठीने दोराचं शेपूट दाखवलं. तेव्हापासून रापण असते त्या दिवशी मी तिथे ओढते. हाताला फोड आलेत, खोल्यांत उतरलेले पाहुणे माझेच फोटो काढतात. ड्रोन आता पाहुण्यांपुरताच उडतो, सूर्य पाठीशी घेऊन. ओढताना मान आपोआप सड्याकडे वळते. तुझीही वळत असेल का?

पत्र कुठे टाकायचं नाही हे लिहायला बसतानाच माहीत होतं, त्यामुळे एक राहिलेलंही लिहून टाकते. तू दिलेलं ते अर्धं पान मी चावून संपवलंच नाही. फार तिखट लागलं. तू आत जेवायला गेलास आणि मी ते परसात थुंकून आले.