रोकासला बॉल द्या

अमरावती,
रविवार सकाळ

चि. पुष्कर यास मोरूमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल आहे असं लिहायचा रिवाज आहे, पण ते खोटं शपथपत्र होईल. माझी कंबर धरली आहे, तुझ्या मामीने माझ्याशी बोलणं टाकलं आहे, आणि या दोन्ही गोष्टींना तुझा तो बास्केटबॉल क्लब जबाबदार आहे. तुझी तब्येत कशी आहे? लिथुआनियात थंडी मरणाची असेल, कानटोपी घालत जा. आणि आईला फोन करत जा. ती रोज मला विचारते, पुष्कर कसा आहे म्हणून. मी काय तुझा कारकून आहे?

हे पत्र मी सांगतो आहे आणि माझी ज्युनियर प्रतीक्षा तायडे टाइप करते आहे, कारण माझं अक्षर कोर्टात कोणाला लागत नाही, आणि अलीकडे मलाही लागत नाही. मुलगी हुशार आहे. चार वर्षं झाली, माझ्या हाताखाली शिकून राहिली. (प्रतीक्षा, ते ‘हुशार’ काढ. डोक्यात जातं.)

आता मुद्दा. तू तिकडे त्या क्लबात खेळाडूंचे हातपाय चोळतोस (तुझ्या हुद्द्याचं नाव मोठं आहे, मला माहीत आहे), म्हणून मी तुमच्या मॅचा मोबाईलवर पाहायला लागलो. हेतू इतकाच की बाकाच्या मागे कुठे भाचा दिसावा. भाचा दिसला नाही. दिसला तो रोकास! अठरा वर्षांचं पोरगं, पावणेसात फूट उंच, अंगावर मांस नावालाही नाही, पण हात काय, नजर काय! ज्युनियरांत तो एकेका मॅचला तीस-तीस गुण करत होता, हे तूच मला कौतुकाने कळवलंस. मग या वर्षी त्याला सीनियर संघात घेतलं. घेतलं म्हणजे काय केलं? बाकावर बसवलं! अरे, बसायलाच पाहिजे होता तर त्याच्या घरी खुर्च्या नव्हत्या का?

मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ऐकीव सांगत नाही. बॉलची पिशवी रोकासने उचलायची. पाण्याच्या बाटल्या रोकासने आणायच्या. तो दाढीवाला तुमचा बुजुर्ग, वय छत्तीस, धावताना भात्यासारखा फासफूस करतो, तो बाहेर आला की त्याच्या खांद्यावर टॉवेल रोकासने टाकायचा. आणि मॅच संपता संपता, निकाल लागून गेल्यावर, त्या कोचाला आठवण होते आणि पोराला दोन मिनिटं आत सोडतात. त्या दोन मिनिटांत त्याला कोणी बॉल देत नाही. हात वर करून उभा असतो बिचारा! पाहून माझा जीव तुटतो रे. (प्रतीक्षा, पाणी आण. आणि ती पंख्याची स्पीड वाढव.)

मी तुला खडसावून विचारलं, तर तुझं उत्तर काय? ‘मामा, ज्युनियर खेळ वेगळा, सीनियर वेगळा. इथे तीस-पस्तिशीचे गडी अंगावर येतात. त्याचं शरीर अजून भरलेलं नाही. बॉल हाती नसताना काय करायचं ते तो आधी शिकतोय.’ पुष्कर, चाळीस वर्षं मी असल्या बचावांचे धिंडवडे काढले आहेत! शरीर बाकावर बसून भरतं का? बसून काय भरतं ते मला बघ. विहिरीच्या काठावर बसवून पोहणं शिकवणारे लोक आहात तुम्ही. मी स्वतः विद्यापीठाच्या संघात होतो हे साऱ्या अमरावतीला ठाऊक आहे (खेळलो किती, हे कोणी विचारत नाही, तूही विचारू नको), तेव्हा बाकाचा लाकडी काठ कुठे टोचतो ते मला सांगू नको. मोसम संपल्यावर त्याला ठेवायचं की खालच्या दर्जाच्या कुठल्या क्लबाला उसना देऊन टाकायचं, हे ठरणार म्हणतोस. कशावरून ठरवणार? टॉवेल कसा टाकतो यावरून?

गेल्या शनिवारी मॅच पाहता पाहता मी जरा मोठ्याने ‘अबे, त्याले दे ना बॉल!’ म्हणालो. शेजारचे तिघं काठ्या घेऊन आले. त्यांना वाटलं, घरात कोणाले तरी मारून राहिले. नेमके त्याच वेळी चारुताला बघायला अचलपूरची मंडळी दिवाणखान्यात बसलेली होती. ती मंडळी गेली ती गेलीच. चारुता म्हणाली, ‘बाबा, थँक्यू.’ मामी काहीच म्हणाली नाही, आणि तेव्हापासून म्हणत नाही.

आता कंबर. बुधवारी अकोल्याला तारीख होती. मैनाबाई म्हणून एक पक्षकार आहे, तिची पिठाची गिरणी आहे आणि जागामालक तिला बाहेर काढायला टपला आहे. आपण स्थगिती घेतलेली आहे, ती उठवा म्हणून समोरच्याचा अर्ज होता. ती उठली की दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप. आमचा नंबर उशिरा होता म्हणून मी कँटीनमध्ये आलूबोंडा खायला बसलो. फायलींची बॅग घेऊन प्रतीक्षा कोर्टात बसलीच होती. तिला बजावून ठेवलं होतं, मी यायच्या आत पुकारा झाला तर पुढची तारीख माग, तोंडातून दुसरा शब्द काढू नको.

तिथे पंजाबराव भेटला. अकोल्याचा जुना वकील, माझा मित्र, वजन क्विंटलच्या पुढे. त्याला मी रोकासची हकिगत ऐकवली. ऐकून घ्यायचं सोडून तो म्हणतो कसा, ‘मोरोपंत, तुमचा कोच बराबर हाय. कवळं पोट्टं हाय थे. मोठ्या गड्याईत गेलं तर चिपाड होईन त्याचं.’ माझं डोकंच फिरलं! म्हटलं, उभा राहा, तुला दाखवतो. पंजाबरावला केला बचावपटू, कँटीनच्या खांबाला केलं बास्केट, हातात पाण्याचा जग घेतला आणि रोकास जसा डावीकडे झुकून उजवीकडून निसटतो तसा झुकलो. झुकलो मी बरोबर. पंजाबराव मात्र हललाच नाही. मी त्याच्या पोटावर आदळलो आणि तिथून उडालो तो थेट कढीच्या पातेल्यावर! गळ्यातले पांढरे बँड पिवळे, काळा कोट पिवळा, आणि कमरेत अशी उसण भरली की उठता येईना. पंजाबराव वर उभा राहून विचारतो, ‘काहून? शिकला का काही?’ (यावरून तुझं ते शरीर भरण्याचं म्हणणं सिद्ध होत नाही. पंजाबराव हा खेळाडू नव्हे, ती एक इमारत आहे.)

अशा अवतारात कोर्टासमोर जाणार कसा? बाकावर पडून कमरेला बर्फ लावत बसलो, आणि संध्याकाळी प्रतीक्षाने मला गाडीत घालून अमरावतीला आणलं. तारीख घेतलीच असेल तिने. वेदनेच्या भरात विचारायचं राहून गेलं. तारीख मागायला लागतं काय? तेवढं तर मी तिला शिकवलेलं आहे.

तात्पर्य, त्या कोचाला माझा निरोप दे, शब्दशः दे: ज्युनियर हा ओझी उचलायला ठेवलेला नसतो. त्याला चुकू द्या, पडू द्या, पण खेळवा. त्याच्या वाट्याचा बॉल दाबून ठेवणारा सीनियर हा सीनियर नव्हे, अतिक्रमण आहे! (प्रतीक्षा, हे ठळक कर. थांबलीस काहून? कर.)

तुझा,
मोरूमामा

ता. क. – खेळाडू पडला की तुम्ही लोक धावत जाऊन जो गार फवारा मारता, त्याच्या दोन बाटल्या लगोलग पाठव. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच आहे.

ता. क. २ – निरोपाखाली माझं नाव घालू नको. परदेशातल्या कोर्टात मला चालवता येत नाही.

ता. क. ३ – पुष्करदादा, मी प्रतीक्षा. सरांची सही झाली आहे. सही केलेला कागद ते परत वाचत नाहीत, म्हणून हे खाली लिहिते.

बुधवारी मी सरांनी सांगितल्याप्रमाणे तारीख मागितली. कोर्टाने दिली नाही. जजसाहेब म्हणाले, ‘वकील उभे आहेत ना? मग चालवा, नाहीतर स्थगिती उठवतो.’ मागे मैनाबाई बसल्या होत्या. मी चालवलं. दोनदा चुकले, पण चालवलं. स्थगिती कायम राहिली, गिरणी सुरू आहे. मैनाबाईंनी मला ज्वारीचं पीठ आणून दिलं आणि म्हणाल्या, ‘बाई, मले वाटे तू निस्ती बॅगच धरतं.’ सरांनी आज रविवारपर्यंत विचारलेलं नाही, म्हणून मी सांगितलेलं नाही.

आता शेवटचा युक्तिवाद पुढच्या महिन्यात, मंगळवारी दुपारी आहे. फवारा मिळाला की पुढच्या तारखेला, ती कुठली हे न विचारताच, सर स्वतः उभे राहणार म्हणतात. तेव्हा एक विनंती. फवारा थोडा उशिरा पाठवा, आणि जमलं तर त्याच मंगळवारी, इथली दुपार धरून, रोकासला पूर्ण मॅच खेळवा. सर मोबाईलवरून हलणार नाहीत. तो तिकडे खेळेल, मी इकडे.