हिरवी घासणी आणि ग्लेझ

शनिवार संध्याकाळ, मॉरिसव्हिल

दमलोय. काल मी मीटिंगमध्ये असताना आईने माझी काळी गाडी धुतली. भांड्यांच्या हिरव्या घासणीने! "पिवळी भुकटी बसली होती रे झाडांची, नुसत्या पाण्याने निघेना." इथे वसंतात परागकणांचा थरच बसतो. बॉनेटभर गोल गोल ओरखडे. मी त्यांवरून बोट फिरवलं आणि आत निघून गेलो. ओरडलो असतो तर बरं झालं असतं का? कारण तेव्हापासून ती साधा कप विसळतानाही विचारते, "ही घासणी चालेल ना?"

आज दुकानात बाटल्या वाचून डोकं उठलं. ओरखडे कायमचे घालवणाऱ्या पॉलिशला मशीन लागतं, आणि अंगात जोरही. तो कुठून आणू? शेवटी ग्लेझ घेतलं. हाताने लावायचं, वाळलं की पुसायचं. ते ओरखडे काढत नाही, नुसते बुजवतं. गाडी चार-सहा वेळा धुतली की परत दिसणार.

गराजमध्ये दोघांनी मिळून पुसलं. "गेले की रे सगळे!" म्हणाली, आणि आत जाऊन हिरवी घासणी उचलून चहाची भांडी घासायला लागली. न विचारता.

ओरखडे परत दिसायला लागतील तोवर ती परत नागपूरला गेलेली असेल. तेव्हा मात्र ग्लेझ लावणार नाही. दिसू देत.